पंख्याची जागा

एप्रिल संपत आला की माझा राग परत येतो. इतरांना या दिवसांत आंबे आठवतात, लग्नातल्या पंगती आठवतात, मामाच्या गावची विहीर आठवते. मला ट्रकचा रेडिएटर आठवतो. जन्मभर मुलांना बाराखडी शिकवलेल्या, आता गुडघ्याला पट्टा बांधून चालणाऱ्या बाईला उन्हाळा म्हटला की रेडिएटर आठवतो, हे ऐकून लोक हसतात. हसोत.

गेल्या आठवड्यात मानकोली नाक्याजवळ, गोदामांच्या रांगेपुढे एक लांबलचक ट्रेलर वाफ सोडत उभा होता. ड्रायव्हर चाकाच्या सावलीत उकिडवा बसलेला, पायात रबरी चपला, तोंडावर दोन दिवसांची धूळ. शेजारी इस्त्रीच्या शर्टातला सुपरवायझर फोनवर कुणाला तरी सांगत होता, "गाडी में कुछ नहीं है सर, ड्रायव्हर ही बेकार है." मी भाजी घेऊन घरी चालले होते. पाय थांबले. मी त्याला म्हटलं, "गाडी उघडून बघितलीस का रे? न बघता माणसाला बेकार कसं म्हणतोस?" तो म्हणाला, "आजी, आप जाओ ना, धूप बहुत है." ड्रायव्हरनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली घातली. घरी आल्यावर मी पिशवी इतक्या जोरात ठेवली की दोन टोमॅटो फुटले. सून म्हणाली, "आई, एवढं चिडायला झालं तरी काय?" तिला थोडक्यात सांगता येण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी चोवीस वर्षांची, भिवंडीतल्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होते. घर मानकोलीला. आज जिथे गोदामांचे पत्रे चमकतात तिथे तेव्हा आमची भातशेती होती. उन्हाळ्यात ती जमीन तडकायची, भेगांत पायाचा अंगठा अडकायचा. पेरणीआधी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजायचे, त्याचा धूर दिवसभर गावावर तरंगायचा. खाडीचा वारा दुपारी यायचा तोही गरम, चिखलाच्या वासाचा. भिवंडीत शिरलं की तो वास संपायचा आणि सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या कांजीचा आंबूस वास सुरू व्हायचा. निजामपुऱ्याच्या गल्ल्यांतून चालताना लूमच्या खडखडाटानं छातीचा भाता हलायचा. घामावर सुताची बारीक रुई चिकटायची. शाळेत पोचेपर्यंत माझ्या केसांत म्हातारीसारखी पांढरी तार दिसायची.

वडील लवकर गेले. घरात आय, मी आणि माझा थोरला भाऊ काशीनाथ, आमचा काशीदादा. कुटुंबाचे कर्ते होते तात्या, वडिलांचे मोठे भाऊ. शेजारीच त्यांचं घर. उंच, गोरेपान, पांढऱ्या धोतरातले. बोलले की समोरचा गप्प बसायचा. त्याला गाव दरारा म्हणायचं. मी त्याला आता दुसरं नाव देते, पण ते असू दे.

तात्यांनी ट्रक घ्यायचं ठरवलं. भिवंडीत लूम वाढत होते, कोऱ्या कापडाचे तागे नाशिक-मालेगावकडे जायचे, ज्याच्या दारात गाडी उभी त्याला गावात मान होता. त्यांनी आणला तो लष्करानं मोडीत काढलेला, महायुद्धाच्या काळातला, लांब नाकाचा ट्रक. नाक म्हणजे पुढचं बॉनेट. दोन्ही बाजूंना गोल मडगार्ड, समोर उभ्या पट्ट्यांची जाळी. सुंदर होता, खोटं कशाला बोलू. पण त्याचं पेट्रोलचं इंजिन पार झिजलेलं होतं. म्हणून आग्रा रोडवरच्या हनीफ मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये त्यात एका मोडलेल्या बसचं डिझेल इंजिन बसवायचं ठरलं.

आता इथे मला थोडं मास्तरकीनं बोलावं लागेल, कारण सगळा अन्याय याच जागेत झाला. इंजिन तापतं. त्याच्याभोवती पाणी फिरतं, ते तापलेलं पाणी पुढे रेडिएटरमध्ये येतं, बारीक नळ्यांतून खाली उतरतं, आणि मागचा पंखा जाळीतून वारा ओढून त्याला थंड करतो. एवढंच. जुनं इंजिन उंच होतं. त्याचा पंखा रेडिएटरच्या बरोबर मध्यावर यायचा, आणि भोवती पत्र्याचं गोल कडं होतं, म्हणजे पंख्यानं ओढलेला सगळा वारा रेडिएटरमधूनच यावा, इकडून तिकडून पळू नये. नवं इंजिन बुटकं आणि आखूड निघालं. पंखा सहा बोटं खाली गेला आणि वीतभर मागे राहिला. जुनं कडं आड येत होतं, ते कापून टाकलं. हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते फक्त दोन माणसांना.

पाडव्याला गाडी दारात आली. तात्यांनी मुहूर्त आधीच गावाला सांगून ठेवला होता. झेंडूच्या माळा, जाळीवर कुंकवाचं स्वस्तिक, बॉनेटवर नारळ. मीच ओवाळलं. तात्या गाडीच्या मडगार्डला टेकून उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "आपल्या घरची गाडी, आपल्या घरचा डायवर." काशीदादा नवा सदरा घालून लाजत उभा होता. तो चार वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवून आला होता. अठ्ठावीस वर्षांचा, कमी बोलणारा, हात मात्र कायम कशावर तरी फिरत असलेला. एखादा नट सैल आहे का, पट्टा ताणलाय का, ते तो बोटांनी ऐकायचा.

पहिल्याच खेपेला गाडी कसाऱ्याच्या घाटात उकळली. दुसऱ्या खेपेलाही. तिसऱ्या खेपेला शहापूरच्या अलीकडच्या चढावरच सुई लाल रेघेला जाऊन भिडली. दादानं काय काय केलं! बॉनेटची बाजूची झाकणं काढून ठेवली. पाण्याचे चार डबे बरोबर बांधले. गोणपाट भिजवून जाळीच्या खाली टांगलं. प्रत्येक वळणाआधी थांबून इंजिन निववलं. रेडिएटर दोनदा उतरवून आतून धुऊन आणला, त्यातून चहासारखं पाणी निघालं, तेव्हा वाटलं सुटलो. पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

आणि प्रत्येक वेळी तात्या ओट्यावर बसून, चार माणसं ऐकतील अशा आवाजात म्हणायचे, "गाडीत काय नाय. याचा पायच जड हाय. घाटात रगडतो गाडीला. बैल पण असा मारला तर तोंडाला फेस येल." ऐकणारे हसायचे. दादा विहिरीवर हात धूत असायचा. त्याच्या कानावर शब्द न् शब्द जायचा. तो साबण परत जागेवर ठेवायचा आणि घरात यायचा. मला वाटायचं, बोल काहीतरी! एकदा तरी वळून बोल! तो भाकरीचा तुकडा मोडायचा आणि आयला विचारायचा, "आज बोंबलाचं कालवण का गं?"

आमच्याकडे थोरल्यापुढे न बोलणं याला संस्कार म्हणतात. मी वर्गात चाळीस मुलांना खरं बोला म्हणून सांगत होते, आणि घरी माझ्या भावाची रोज अब्रू काढली जात असताना ताटं मांडत होते. या रागात माझा वाटा केवढा आणि तात्यांचा केवढा, याची वाटणी मला अजून करता आलेली नाही.

एप्रिलच्या शेवटी ते झालं. भर दुपार. कापडाचे तागे भरलेली गाडी घाटाच्या मधल्या वळणावर उकळून थांबली. जागा अरुंद, मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. कुणीतरी ओरडलं, "अरे हटाव ना खटारा!" दादा एरवी अर्धा-पाऊण तास थांबायचा. त्या दिवशी मागच्या आरडाओरड्यात तो जेमतेम दहा मिनिटं थांबला. ओलं गोणपाट टाकून रेडिएटरचं झाकण हळूच फिरवायला गेला. झाकण हातातून उडालं. उकळतं पाणी कारंज्यासारखं वर आलं, त्याच्या उजव्या हातावर, छातीवर, मानेवर. मागच्या गाडीच्या ड्रायव्हरनं, एका सरदारजीनं, त्याला आपल्या गाडीत घालून शहापूरच्या दवाखान्यात नेलं. त्या माणसाचं नाव आम्हाला कधी कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी दादाला घरी आणलं. ओटीवर खाट टाकली, तिच्यावर केळीची पानं अंथरली. आय पंख्यानं वारा घालत बसायची. हाताची कातडी सोलून निघाली होती, मान वळवता येत नव्हती. आणि मी काय केलं सांगू? त्याच्या उशाशी बसले आणि म्हटलं, "दादा, जरा सावकाश चालवायची ना रे."

त्यानं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. डोळे परत मिटून घेतले.

तात्यांचं रोज ऐकून ऐकून ते माझ्यात शिरलं होतं. पन्नास वर्षं झाली, त्या एका वाक्यासाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही. माणूस भाजून पडलाय आणि घरचं माणूस त्यालाच विचारतंय, तू नीट का नाही वागलास. जगातलं सगळं वाईट असंच चालतं. वरचा एकदा बोलतो, खालचे ते रोज म्हणत राहतात, आणि मग ज्याला लागलंय त्यालाही वाटायला लागतं, चुकलं असेल आपलंच.

दोन दिवसांनी दादा आपणहून बोलला. वर कौलांकडे बघत. "इंदे, एक सांगू? गाडी उभी असली नि इंजिन चालू असलं की मी जालीसमोर उभा र्‍हायचो. वारा आत ओढला गेला पायजे ना? तर खाली ओढायचा. पण वर, तोंडाशी, गरम वारा उलटा बाहेर यायचा. माज्या तोंडावर. तवा वाटायचं आपल्यालाच भास होतोय."

"तात्यांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते बोलले, तुला आता इंजिनेर व्हायचंय का."

मी उठले ती तशीच. शाळेला सुट्टी लागलेली होती. सकाळची एसटी पकडली आणि आग्रा रोडवर उतरून हनीफ मिस्त्रींच्या गॅरेजात गेले. ट्रक तिथेच आणून टाकला होता. उकळण्यात इंजिनाच्या झाकणाखालची चकती, हेड गॅस्केट, जळाली होती, ती बदलून इंजिन नुकतंच परत जोडलं होतं. तेलानं काळी झालेली जमीन, त्यावर टायर, स्प्रिंगा, मोडलेली दारं. मिस्त्री पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. पाच-सहा कामगार होते. गॅरेजात बाई आलेली पाहून सगळ्यांचे हात थांबले.

"काशीनाथ की बहन हूँ," मी म्हटलं. "गाडी चालू करके दिखाइए."

"क्यों, बाई?"

"देखना है."

कुणीतरी मागे हसलं. मला त्याचा फायदाच झाला, कारण भीती वाटत होती ती संपली. कोपऱ्यात हात पुसायला सुताच्या गुंत्याचा ढीग पडला होता, लूमचा तुटका धागा, भिवंडीत कुठेही मिळतो तसा. मी त्यातले वीतभर लांबीचे धागे ओढून काढले आणि ट्रकसमोर जाऊन जाळीच्या पट्ट्यांना एकेक बांधायला लागले. वरच्या टोकापासून खालपर्यंत, ओळीनं. चाळीस-पन्नास तरी बांधले असतील. पदर ग्रीसनं माखला. मिस्त्री बघत होते. मग त्यांनी स्वतःच केबिनमध्ये चढून इंजिन चालू केलं.

गाडी थरथरली. खालचे धागे झटक्यात आत ओढले गेले आणि रेडिएटरला चिकटून बसले. मधल्या ओळीतले अर्धवट हलले. त्याच्या वरचे नुसते लोंबत राहिले. आणि अगदी वरच्या दोन कोपऱ्यांतले धागे बाहेर आले, माझ्याकडे, गरम वाऱ्यात फडफडत. दादाच्या तोंडावर यायचा तोच वारा. मी हात पुढे केला. तळहाताला चटका बसला.

हसणारा आता हसत नव्हता.

मी म्हटलं, "आधा रेडिएटर तो काम ही नहीं कर रहा. पंखा नीचे है. गरम हवा घूम के फिर आगे आ रही है. मेरा भाई रगडता था गाड़ी को? बोलिए!"

हनीफ मिस्त्रींनी इंजिन बंद केलं. खाली उतरले. फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, "बाई, ये बात मैंने पहले दिन बोली थी."

"किसको?"

"आपके तात्या को. इंजिन चढ़ाया तभी बोला था, पंखा ऊपर लेना पड़ेगा, आगे लेना पड़ेगा, नया कड़ा बनाना पड़ेगा. चार दिन और दो. वो बोले, पाडवे का मुहूर्त है, गाँव को बोल दिया है, गाड़ी उसी दिन दरवाज़े पर चाहिए. बाद में देखेंगे."

तेव्हा मला जो राग आला तसा त्याआधी कधी आला नव्हता. राग म्हणजे डोकं तापणं असं मला वाटायचं. हा थंड होता. तात्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. ओट्यावर बसून ते जेव्हा बैलाच्या फेसाचं बोलत होते तेव्हाही ठाऊक होतं. दादा केळीच्या पानावर पडला होता, ते बघायला आले, उभ्या उभ्या म्हणाले, "घाई नडली पोराला," तेव्हाही ठाऊक होतं. माळा आणि नारळासाठी चार दिवस थांबवेना, आणि त्या चार दिवसांची किंमत माझ्या भावाच्या कातडीनं दिली.

"और आप?" मी मिस्त्रींना म्हटलं. "आप महीना भर चुप बैठे? काशीदादा यहाँ दो बार रेडिएटर लेके आया. उसको क्यों नहीं बोला?"

मिस्त्री खाली बघत म्हणाले, "बड़े आदमी ने मना किया था. बोले, लड़के को मत बोलना, गाड़ी पर से उसका भरोसा उठ जाएगा." मग चष्मा काढला. "ग़लती हुई. मेरे हाथ का काम था, मुझे गाड़ी छोड़नी ही नहीं चाहिए थी."

एवढं तरी बोलले. तात्यांच्या तोंडून त्यातलं एक अक्षर मी कधी ऐकलं नाही, म्हणून मिस्त्रींवरचा माझा राग पुढे ओसरला. तेव्हा मात्र मी म्हटलं, "अब चार दिन लो. किसी से पूछने का नहीं."

मी चारही दिवस गेले. मला काही कळत होतं म्हणून नाही. मी नजर हलवली तर पुन्हा कुणीतरी काहीतरी 'बाद में देखेंगे' म्हणेल या धास्तीनं. पंख्याला इंजिनापासून वेगळं केलं. जाड पट्टीचा कोन बनवून पुढे वर बसवला, त्यावर बेअरिंग, त्यावर पंखा. बेअरिंगचं घर निजामपुऱ्यात लूमचे भाग बनवणाऱ्या एका लेथवर कातून आणलं. पट्टा लांब घातला. पंखा आता रेडिएटरच्या मध्यावर आणि त्याच्यापासून दोनच बोटांवर आला. मग पत्रा कापून नवं कडं केलं, रेडिएटरच्या चारी कडांना धरून मागे निमुळतं होत पंख्याभोवती गोल होणारं. मिस्त्री दर थोड्या वेळानं वाकून बघायचे. "पंखे का पाता कड़े में आधा अंदर, आधा बाहर," ते म्हणायचे. "पूरा अंदर लिया तो हवा घुटती है, पूरा बाहर तो भागती है." शेवटी रेडिएटर आणि बॉनेट यांच्यामधल्या फटी टायरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बुजवल्या, म्हणजे गरम वाऱ्याला पुढे यायला वाटच राहू नये.

चौथ्या दिवशी दुपारी इंजिन चालू केलं. जाळीला माझे धागे अजून बांधलेलेच होते. सगळे एकदम आत गेले. वरचे, खालचे, कोपऱ्यातले. एकही बाहेर नाही. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. चार दिवसांचं काम, आणि त्यासाठी माणूस भाजावा लागला!

त्या संध्याकाळी मी तात्यांच्या ओट्यावर गेले. नेहमीची माणसं बसली होती. मी पायरीवर उभी राहून म्हटलं, "तात्या, पंख्याचं तुम्हाला पाडव्याच्या आधीपासून ठाऊक होतं. मिस्त्रींनी सांगितलं होतं. तुम्ही दादाला बोल लावत राहिलात."

कुणीतरी विडी विझवली. तात्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "मास्तरीण झालीस म्हून थोरल्याचा मान ठेवायचा नसतो काय? घरात जा."

"ठाऊक होतं का नव्हतं, तेवढं सांगा."

"घरात जा बोललो ना!"

आतून काकू आल्या आणि मला दंडाला धरून ओढत घेऊन गेल्या. आय त्या दिवशी जेवली नाही. मला म्हणाली, "खरं असल पोरी, पण चारचौघांत कशाला?" चारचौघांत दादाची चामडी सोलली जात होती तेव्हा हे कुणाला सुचलं नव्हतं. ओट्यावरच्या एकाही माणसानं दुसऱ्या दिवशी येऊन, हळू आवाजात का होईना, आमची चूक झाली असं म्हटलं नाही. गावात बोललं गेलं ते माझ्याबद्दल. पोरगी तोंडाळ निघाली. अशीला स्थळ कसं मिळणार. स्थळ मिळायला पुढे पाच वर्षं गेली, त्याचं मला काही वाटत नाही.

पुढचं सांगून टाकते. तो ट्रक दुसऱ्या ड्रायव्हरांच्या हाताखाली बरीच वर्षं चालला, घाटात पुन्हा कधी उकळला नाही. हनीफ मिस्त्रींकडे लांबलांबून जुन्या गाड्या यायला लागल्या, पंखा वर घ्यायला आणि कडं बसवायला. तात्या म्हातारे होऊन, मानानं गेले. अख्खं गाव होतं पोचवायला. मीही गेले. डोळे कोरडे होते. कुणी म्हटलं, गेल्या माणसावर राग धरू नये. मी म्हणते, राग न धरता विसरून जायचं तर दुसऱ्या वेळी ओळखायचं कशावरून? काशीदादाची मान शेवटपर्यंत डावीकडे पुरती वळली नाही. त्यानं नंतर एका शेजाऱ्याचा टेम्पो चालवला, भाजी, विटा, लग्नाची भांडी नेली. परवा-परवापर्यंत होता. माझ्या रागाला हसायचा. म्हणायचा, "तुजं इंजिन कवा निवनार गं?"

मला खूप वर्षं वाटायचं, त्याला राग येतच नाही. पण तसं नव्हतं, आणि ते मी एका दिवशी पाहिलं होतं. मे संपत आला होता. दादाचा हात बऱ्यापैकी भरून आला होता. तात्यांनी निरोप पाठवला, गाडी भरलीय, घाट चढवून बघू, मी पण येतो. मी म्हटलं, जाऊ नकोस. दादा म्हणाला, "मला बघायचीय ती चढताना." पांढरी पट्टी मनगटापर्यंत, त्यावर लांब बाहीचा सदरा, असा तो सकाळी गेला. तात्या शेजारच्या सीटवर. मी दिवसभर घरात काही ना काही आपटत होते.

दुपारी अडीच-तीनला दादा आला. चालत. एसटीच्या थांब्याकडून. गाडीचा आवाज नाही, तात्या नाहीत. आय घाबरून उठली. त्यानं विहिरीवर हातपाय धुतले, ओटीवर येऊन बसला.

"चढली?" मी विचारलं.

"चढली. सुई जागची हालली नाय. पार घाटावरच्या घाटनदेवीच्या देवलापर्यंत एकदा पण नाय."

"मंग तू एसटीनं कसा? तात्या कुठं हायत?"

"गाडीपाशी हायत." त्यानं डाव्या हातानं पाण्याचा तांब्या घेतला, सावकाश प्यायला. "वर पोचलो, गाडी उभी केली. तात्या खाली उतरले. बॉनेटला हात लावून बघितलान. मंग मला बोलले, बघ, डोकं ठिकाणावर ठेवून चालवली तर चढते का नाय?"

आयनं त्याच्यापुढे ताट ठेवलं.

"मंग?" मी म्हटलं.

"मंग काय. स्टॉपची तार ओढली, इंजिन बंद केलं. चावी काढली, त्यांच्या हातात दिली. बोललो, आता तुमी चालवा डोकं ठिकाणावर ठेवून. नि नाशिककडून एसटी आली, तिच्यात बसलो."

तात्यांना गाडी चालवता येत नव्हती. आय कपाळावर हात मारून म्हणाली, "अरं देवा! एवढा भरलेला माल, म्हातारा मानूस, घाटावर एकटा! आता ती गाडी कोन आनल?"

दादानं ताट पुढे ओढलं.

"गाडी आता चांगली हाय, आये," तो म्हणाला. "कोनी पन चालवील. भात वाढ."